ट्रॅक्टरच्या शेडची खोली करायचीय? मोबाइल काय मोजून देतो आणि काय नाही

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की डोळ्यांसमोर ग्रीसने माखलेला मेकॅनिक आणि खोलून ठेवलेली बाईक येते. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली गाडीची खोली. विल्यम ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३८ मध्ये पालो अल्टोतल्या अशाच एका गॅरेजमध्ये काम सुरू केलं आणि पुढे त्यातून एचपी कंपनी उभी राहिली. कॅलिफोर्नियात घरं इतकी कमी पडू लागली, की २०१७ पासून तिथले नियम सैल होत गेले आणि लोकांनी गॅरेजांच्या राहत्या खोल्या केल्या.

भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्यात असलं गॅरेज नसतं. आमच्याकडे असतं ट्रॅक्टरचं टिनाचं शेड. लोखंडी अँगलचे खांब, तीन बाजूंनी पत्रे, वर पत्रा, समोर शटर किंवा तेही नाही. आमचं शेड १२ बाय १८ फुटांचं. बाबांनी ट्रॅक्टर विकला, नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायला लागली आणि शेड रिकामं पडलं. इकडे माझ्या कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली आणि मी पुण्याहून गावी आलो. घरात खोल्या दोन, माणसं सहा. मीटिंग सुरू असताना मागून कुकरची शिट्टी. मग ठरलं, शेडचीच खोली करायची.

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे पहिलं काम काय केलं असेल? मोबाइलमध्ये सात-आठ ॲप्स टाकली. काही खूप कामाला आली, काहींनी चक्क फसवलं. आणि जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची निघाली, तिच्यासाठी ॲपच नव्हतं. तुम्हीही शेड, गोठा किंवा गच्चीवरची टिनाची खोली राहण्याजोगी करायच्या विचारात असाल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

आधी कागद बघा

हा भाग छोटा आहे, पण पहिला आहे. शेड गावठाणात आहे की शेतात, ते बघा. गावठाणात असेल तर बांधकामाची परवानगी आणि नोंद यासाठी ग्रामपंचायतीत जा. नमुना ८ च्या उताऱ्यावर तुमच्या मिळकतीची आणि बांधकामाची काय नोंद आहे, ती वाचा. शेडची पक्की खोली झाली की घरपट्टीची आकारणी बदलू शकते. शेड शेतजमिनीत असेल तर नियम वेगळे, म्हणून तलाठ्याकडे विचारल्याशिवाय वीट लावू नका. स्वामित्व योजनेत (ही २०२० मध्ये सुरू झाली) ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल, तरी ती जागेची हद्द दाखवते. ती बांधकामाची परवानगी नव्हे.

दुसरी गोष्ट. बऱ्याच ठिकाणी शेडजवळ शेतीपंपाचं कनेक्शन असतं आणि तिथूनच वायर ओढायचा मोह होतो. शेतीच्या कनेक्शनवर राहती खोली चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. वीज घराच्या मीटरवरूनच घ्या. एसी, गिझर वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. हा अर्ज ऑनलाइन करता येतो.

हवामानाचं ॲप तुमच्या खोलीचं तापमान सांगत नाही

मे महिन्यात दुपारी दोनला मी शेडमध्ये उभा होतो. मोबाइलवर ४३ अंश दिसत होते. आजी दारातूनच म्हणाली, "टिनाखाली माणूस भाजते रे बाबू, काहून उभा आहेस?" आता हे ४३ कुठले? हवामानाचं ॲप जवळच्या वेधशाळांच्या नोंदी आणि संगणकाचा अंदाज यांवरून आकडा देतं. तो सावलीतल्या, मोकळ्या हवेतल्या तापमानाचा असतो. तुमच्या पत्र्याखाली काय चाललंय, हे त्याला माहीतच नाही.

मग मी "रूम थर्मामीटर" नावाचं ॲप टाकलं. ते ४१ दाखवू लागलं. फोन खिशातून काढून व्हिडिओ कॉल केला, तर ४५! खोली दहा मिनिटांत चार अंशांनी तापली का? नाही. बहुतेक फोनमध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस ४ मध्ये तो होता, पण पुढे बहुतेकांनी तो दिलाच नाही. ही ॲप्स फोनच्या बॅटरीचं तापमान वाचतात आणि त्यावरून आकडा ठोकून देतात. म्हणून सरळ एक छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या, ज्यात आर्द्रताही दिसते. दोन-चारशे रुपयांत मिळतो. त्याने शेडमधलं तापमान ४६ दाखवलं.

पण खरी गंमत पुढे आहे. ओळखीच्या एका मेकॅनिककडून मी बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. करोनात कपाळावर धरायचे तो नव्हे, तो फक्त अंगाच्या तापापुरताच मोजतो. हा इंजिनाचा होता. पत्र्यावर धरला तर आकडा फारच कमी आला. कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे हे यंत्र गंडतं. उपाय सोपा आहे. पत्र्याला आतून काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. मी तसं केलं, तेव्हा आकडा आला ६४.

म्हणजे डोक्यावर साडेसात फुटांवर ६४ अंशांचा तवा. आजीचं बरोबर होतं.

छत आधी, एसी नंतर

घरात सगळ्यांचं मत एकच पडलं, एसी लावून टाक. मी कागदावर हिशोब केला.

कोणतीही गरम वस्तू उष्णता फेकत असते. ती तिच्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते (तापमान केल्विनमध्ये धरायचं). अकरावीत-बारावीत स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम शिकला असाल, तोच हा. पत्रा ६४-६५ अंशांवर आणि खोलीतल्या वस्तू ३६ वर धरल्या, तर जास्तीत जास्त दर चौरस मीटरला सव्वादोनशे वॅटच्या आसपास उष्णता खाली येते. जुना, गंजलेला, धुळकट पत्रा याच्या साधारण तीन-चतुर्थांश देतो. माझं छत २० चौरस मीटर. म्हणजे सव्वातीन किलोवॅट.

आता १ टनाचा एसी किती उष्णता बाहेर काढतो? सुमारे साडेतीन किलोवॅट. म्हणजे १ टनाचा अख्खा एसी फक्त पत्र्याशी भांडण्यात संपला. भिंती, माणसं, लॅपटॉप, फटीतून येणारी गरम हवा यांचा हिशोब अजून बाकीच आहे. वर बिल येईल ते वेगळंच.

कोंढ्यात छताला ऊन इतकं का झोडपतं, याला आणखी एक कारण आहे. आपण कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहोत. मेच्या चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी गोळा होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. ज्या दिवसांत ऊन सगळ्यात कडक, त्याच दिवसांत ते भिंतींवर तिरपं आणि छतावर सरळ पडतं. त्यामुळे पैसे कमी असतील तर सगळ्यात आधी छतावर घाला.

मी तीन गोष्टी केल्या.

पहिली, पत्र्यावर बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग. आधी गंज घासला, मग धातूचा प्रायमर, मग दोन हात. नुसता चुना पत्र्यावर टिकत नाही, पहिल्या पावसात जातो. सिमेंटच्या स्लॅबवर मात्र चुना स्वस्त आणि मस्त. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढायचा शहराचा आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये पांढरी छतं करण्यात आली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. तत्त्व एवढंच की ऊन आत शिरण्याआधीच परत पाठवायचं.

दुसरी, पत्र्याखाली एक फूट पोकळी सोडून सिमेंट बोर्डचं फॉल्स सीलिंग.

तिसरी, त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी. गरम हवा वर चढते, तिला बाहेर जायला वाट हवी. जाळी नसेल तर पोकळीची भट्टी होते. जाळी बारीक घ्या, नाहीतर उंदीर आणि चिमण्या फुकटचे भाडेकरू होतात.

पुढच्या मे महिन्यात त्याच वेळी परत मोजलं. पत्रा आतून ४९, बोर्ड खालून ३८-३९. वर ६४ चा तवा असणं आणि ३९ चा बोर्ड असणं, यातला फरक डोक्याला लगेच कळतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आमच्या जुन्या घराला कवेलूचं छप्पर आणि खाली लाकडी माळा होता. कवेलूंच्या फटीतून गरम हवा निघून जायची आणि माळ्यामुळे ऊब खाली यायची नाही. आपण टिन आणलं तेव्हा माळा काढून टाकला, गडबड तिथे झाली.

एक इशारा. बरेच जण पत्र्याखाली थर्माकोल लावतात किंवा उन्हाळ्यात वर धानाची तणस पसरतात. दोन्हींनी गारवा येतो, हे खरं. पण थर्माकोल पेटला की वितळून अंगावर टपकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तणशीला एक ठिणगी पुरते. ज्या खोलीत माणूस झोपणार, तिथे हे नको.

लेव्हल, टेप आणि होकायंत्र: मिस्त्रीकडे आणि मोबाइलकडे

शेडची जमीन अंगणाच्या पातळीला असते. पावसाळ्यात पाणी सरळ आत. शिवाय वर्षानुवर्षं सांडलेलं डिझेल आणि ऑइल जमिनीत मुरलेलं. त्यावर थेट टाइल्स लावल्या तर वास जात नाही आणि टाइल्स सुटतात. आम्ही वरचा तेलकट थर फोडून काढला, मुरूम भरला, जाड प्लास्टिकचा कागद अंथरला (ओल वर चढू नये म्हणून), त्यावर काँक्रीट केलं आणि जोतं नऊ इंच उचललं.

उतार बघायला मी मोबाइलचं लेव्हल ॲप काढलं. फोनमधला ॲक्सिलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरून कोन कळतो. मिस्त्री हसला आणि त्याने पाण्याची पारदर्शक नळी काढली. कोण जिंकलं? नळी. फोनचा कोन सहज अर्ध्या अंशाने चुकतो. फोन टेबलावर ठेवला तर अर्धा अंश म्हणजे काहीच नाही, पण १८ फुटांच्या खोलीत अर्धा अंश म्हणजे दुसऱ्या टोकाला जवळजवळ दोन इंच! फ्रेम, शेल्फ, टीव्हीचा स्टँड यांना फोनची लेव्हल चालेल. जमिनीला नळीच.

कॅमेऱ्याने माप घेणारी ॲप्सही तशीच. अंदाज बांधायला, पडदा किती लागेल हे बघायला छान. दार-खिडकीची ऑर्डर देताना मात्र टेपच वापरा, कारण इंच-दोन इंचांचा फरक तिथे महागात पडतो.

होकायंत्राने तर मला पुरतं फसवलं. खिडकी कुठल्या बाजूला काढायची, हे ठरवायला मी शेडमध्ये उभा राहून दिशा बघितली. पश्चिम दाखवली तिथून सूर्य काही मावळेना. फोनमधला मॅग्नेटोमीटर पृथ्वीचं क्षीण चुंबकीय क्षेत्र वाचतो आणि आजूबाजूला लोखंडाचे खांब असले की तो भरकटतो. मोकळ्या मैदानात जा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा आणि मग दिशा घ्या. मी पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवली, उत्तर आणि पूर्वेला खिडक्या काढल्या. दोन वेगवेगळ्या भिंतींना खिडक्या हव्यातच. एकाच भिंतीत दोन खिडक्या असून हवा खेळत नाही.

टिनात नेटवर्क का जातं?

हा प्रश्न तुम्हाला सगळ्यात जवळचा वाटेल. धातूचा पत्रा रेडिओ लहरी परत फेकतो. चारही बाजूंनी आणि वरून पत्रा म्हणजे सिग्नलसाठी बंद डबा. मोबाइलवरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा बघा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या अबाउट फोनमध्ये सिम स्टेटस उघडलं की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला.

माझ्याकडे अंगणात उणे ९७ होतं आणि शेडमध्ये उणे ११७. फरक फक्त २० चा वाटतो ना? पण डेसिबलचं गणित वेगळं आहे. दर १० ला दहा पट. म्हणजे २० चा फरक म्हणजे शेडमध्ये सिग्नल शंभर पटींनी कमी. असं झालं की टॉवर गाठायला फोन पूर्ण जोर लावतो, तापतो आणि बॅटरी भराभर उतरते.

आम्ही शटरच्या जागी आणि पत्र्यांच्या जागी विटांच्या भिंती बांधल्या, खिडक्या काढल्या, तेव्हा सिग्नल थोडा सुधारला. पण कामाला पुरेसा नव्हता. मग घरातल्या राउटरपासून लॅन केबल पाइपमधून आणली आणि खोलीत दुसरा राउटर लावला. लॅन केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते. फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केलं की कॉलही वाय-फायवरून लागतात. दोन काळज्या घ्या. लॅन आणि विजेची वायर एकाच पाइपमधून नेऊ नका. आणि आमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडी विजा फार पडतात, त्यामुळे गडगडाट सुरू झाला की मी लॅन केबल दोन्ही टोकांनी काढून ठेवतो.

ज्याला ॲप नाही: अर्थिंग

आता मुद्द्याची गोष्ट. हे काम सुरू असतानाच घडलं.

शेडला वीज घरातून एका वायरीने आणली होती. दोन तारा, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, अर्थिंगची तार नव्हतीच. ज्याने वायरिंग केलं तो म्हणाला होता, बल्बला कशाला लागते अर्थिंग? बल्बपुरतं ठीक होतं. पण उन्हाळ्यात काम करणाऱ्यांसाठी आम्ही तिथे लोखंडी कूलर लावला. कूलरच्या पंपाची वायर आत कुठेतरी सोलली आणि बॉडीला टेकली. बॉडी टेकली होती खांबाला. खांब जोडलेला पत्र्यांना. म्हणजे अख्खं शेड करंटमध्ये.

माझा लहान भाऊ पाणी भरायला आला, जमीन ओली होती आणि त्याने खांबाला हात लावला. नशीब, पायात रबरी चप्पल होती. तो मागे फेकला गेला, हाताला झिणझिण्या आणि तोंड पांढरंफटक. मी धावत जाऊन घरातलं मेन स्विच पाडलं. त्या दिवशी तो अनवाणी असता तर हा लेख मी लिहिला नसता.

मला रात्रभर एकच प्रश्न पडला. एमसीबी होता, मग तो पडला का नाही?

उत्तर समजून घ्या, कारण विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. एमसीबी हा वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरहून जास्त प्रवाह झाला की पडतो. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतू शकतं. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. जिवाला धोका होतो त्याच्या पाचशे पट प्रवाह होईपर्यंत एमसीबी ढिम्म हलत नाही.

माणूस वाचवतो तो आरसीसीबी. त्याचं तत्त्व दुकानदाराच्या गल्ल्यासारखं आहे. जेवढे गेले तेवढे परत आले पाहिजेत. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे प्रवाह दुसऱ्याच वाटेने, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत चाललाय. तो सेकंदाच्या छोट्याशा भागात वीज तोडतो.

मग आरसीसीबी असला की अर्थिंग नको का? हवंच. अर्थिंग असेल तर कूलरची बॉडी करंटमध्ये येताक्षणी प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो आणि आरसीसीबी तेव्हाच पडतो, कुणी हात लावण्याआधी. अर्थिंग नसेल तर आरसीसीबीला गळती कळायला कुणीतरी हात लावावा लागतो. हा फरक लक्षात ठेवा.

आम्ही परवानाधारक वायरमन बोलावला. नवीन अर्थिंगचा खड्डा, घरापासून तीन तारांची केबल, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि पुढे कधी एसी लागला तर म्हणून एक ४ चौरस मिलिमीटरची लाइन. सगळं आयएसआय मार्कचं. छताचा पत्रा आणि उरलेले लोखंडी खांबही अर्थिंगला जोडले. शेवटी त्याने अर्थ टेस्टर लावून मोजलं. हे मोजणं मोबाइलने होत नाही. कुठलं ॲप तसा दावा करत असेल तर लगेच काढून टाका. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला, कारण कोरडी माती प्रवाह नीट वाहून नेत नाही.

हवेत काय आहे, तेही फोनला कळत नाही

शेडची सवय लवकर जात नाही. खोली झाली तरी "बाईक आत घे, पाऊस येतोय" सुरूच राहतं. आत बाईक सुरू करणं, जनरेटर चालवणं, थंडीत शेगडी पेटवून दार लावून झोपणं, या तिन्हींतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. फोनमध्ये त्याचा सेन्सर नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी झोपायच्या खोलीत रात्रभर चार्जिंगला लावू नका. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला मोकळ्या हवेत ठेवा. फवारणीची औषधं, पंप, खताची पोती यांना वेगळी जागा करा. आम्ही हे सगळं बाहेर काढलं आणि खोली आठ दिवस उघडी ठेवली, तेव्हा कुठे वास गेला.

मग एसी घेतला का?

अजून नाही. आमच्या भागात मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर झकास चालतो. कूलर पाण्याचं बाष्प करून हवा थंड करतो. हवा जितकी कोरडी, तितकं जास्त बाष्प. ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २९-३० अंशांची हवा देऊ शकतो. पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो आणि नुसती चिकचिक होते. जुलैत हवा आधीच ओली असते, तेव्हा कूलर काही करू शकत नाही. तेव्हा पंखा.

कूलर आता प्लास्टिक बॉडीचा, तीन पिनांचा. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, हा घरातला नियम.

थोडक्यात क्रम

१. कागद: ग्रामपंचायत, तलाठी, महावितरण.
२. वीज: अर्थिंग, आरसीसीबी, तीन तारांची केबल. हे बांधकाम सुरू व्हायच्या आधी, कारण कामगारही तीच वीज वापरतात. आम्ही हे उशिरा केलं.
३. जोतं आणि ओल.
४. छत: पांढरा रंग, पोकळी, सीलिंग.
५. दोन भिंतींना खिडक्या.
६. नेटवर्क.
७. कूलर, एसी, एलईडीच्या पट्ट्या जे काय असेल ते, सगळ्यात शेवटी.

आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा करतो. रील बघून आधी एलईडी लावतो, मग एसी, आणि अर्थिंगचं नाव कुणी काढत नाही.

यंदाच्या मे महिन्यात जेवण झाल्यावर आजी चटई घेऊन माझ्या खोलीत आली आणि दोन तास घोरत झोपली. मी म्यूट करून मीटिंग केली.

तुम्ही आज एक काम करा. घरातल्या मीटरजवळ जा आणि डीबीमध्ये बघा. एखाद्या स्विचवर "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण आहे का? असेल तर तो आरसीसीबी. घरच्यांना सांगून, कॉम्प्युटर बंद करून, ते बटण दाबा. लाइट गेली पाहिजे. गेली तर स्विच परत वर करा आणि दर महिन्याला एकदा हे करत जा. गेली नाही, किंवा तसं बटणच नाही, तर उद्या वायरमनला फोन लावा.